साल कुठलं, जागा कुठली : आमची वाटचाल

लहानपणी दिवाळीच्या किल्ल्यावर मातीचे मावळे मांडायचो, तीच हौस पुढे इंग्लंडात न्यूकॅसलला आल्यावर रोमन सैनिकांवर गेली, कारण गाडी काढली की रोमनांनी बांधलेली हेड्रियनची भिंत जवळच. गॅरेजमध्ये धातूचे छोटे रोमन सैनिक बनवून विकायला सुरुवात केली, पुटीचा मास्टर (म्हणजे हाताने घडवलेला मूळ नमुना), त्यावरून रबर मोल्ड आणि त्यात व्हाइट मेटलचं कास्टिंग माझ्याकडे, रंगकाम बायकोकडे. सैनिकाची उंची साधारण ५४ मिमी.

पहिला पीस सीझरचा शिपाई, गॉलमधला, म्हणजे आजच्या फ्रान्समधला. त्याला आम्ही ते फेमस पट्ट्यापट्ट्यांचं चिलखत घातलं, लोरिका सेगमेंटाटा, दिसायला एकदम भारी. पहिल्याच महिन्यात एका रिटायर्ड शिक्षकांनी पार्सल परत पाठवलं, आत चिठ्ठी, की सीझरने गॉलमध्ये घातलेला अलेसियाचा वेढा इ.स.पू. ५२ चा, तेव्हा हे चिलखत नव्हतंच, लोखंडी कड्या गुंफलेलं असायचं आणि ढाल लांबट, अंडाकृती. त्या रात्री झोप लागली नाही. उरलेले सगळे पीस वितळवले, मोल्ड कापून टाकला, ज्यांनी घेतले होते त्यांचे पैसे परत केले.

तेव्हापासून साल आणि जागा ठरल्याशिवाय पुटीला हात लावत नाही.

मग कॉर्ब्रिजच्या, भिंतीजवळच्या जुन्या रोमन ठाण्यातल्या म्युझियमच्या, चकरा सुरू झाल्या. तिथे १९६४ मध्ये एका पेटीत ही चिलखतं सापडली आणि त्यावरूनच कळलं की पट्ट्या आतल्या बाजूने चामड्याच्या पट्ट्यांवर रिव्हेट केलेल्या असायच्या. आणि हो, सेगमेंटाटा हे नाव रोमनांचं नाहीच, ते खूप नंतर, सोळाव्या शतकात पडलं. काचेसमोर उभं राहून बिजागऱ्या नि बकल मोजण्यात माझे कितीतरी रविवार गेलेत, मुलं कंटाळायची बिचारी.

सेंच्युरियन, म्हणजे तुकडीचा नायक, करताना तलवार डाव्या बाजूला, हातात वेलीची काठी, हे कोल्चेस्टरच्या फॅसिलिस नावाच्या सेंच्युरियनच्या थडग्यावर स्पष्ट दिसतं, साध्या शिपायाची तलवार मात्र उजवीकडे. डेशियाच्या (आजच्या रोमानियातल्या) लढाईचा शिपाई केला तेव्हा सम्राट ट्राजनच्या रोममधल्या स्तंभावर विसंबलो नाही, तिथे सगळे कसे एकसारखे नीटनेटके, रोमानियातल्या अॅडमक्लिसीच्या शिल्पांत तेच लोक कड्यांच्या नाहीतर खवल्यांच्या चिलखतात, आणि तलवारीच्या हातावर वेगळं कवच. गिऱ्हाईक विचारतात, ड्युराला सापडलेल्या रंगवलेल्या ढालीची चित्रं पहिल्या शतकातल्या शिपायाला द्या ना, सुंदर आहेत. सुंदर आहेतच, पण ती ढाल सिरियातली आणि तिसऱ्या शतकातली, म्हणून नाही म्हणतो, ऑर्डर गेली तरी चालेल.

एक गोष्ट मात्र आम्हाला जमत नाही आणि ते आम्ही डब्यावर छापतो. चिलखताची खरी कडी सहा-सात मिमीची, आमच्या साइजला ती ०.२ मिमी होते, कास्टिंगमध्ये उतरतच नाही, त्यामुळे कड्या मुद्दाम मोठ्या केल्यात.

इ.स. ९ च्या ट्युटोबर्गच्या लढाईचा (जर्मन टोळ्यांनी रोमन फौज कापून काढली ती) शिपाई आमचा सगळ्यात जास्त खपलेला पीस. पण २०१८ ला जर्मनीत काल्क्रीजला त्याच काळातलं जवळजवळ अख्खं चिलखत मिळालं, कॉर्ब्रिजच्यापेक्षा जुनं, आणि आमचं तर कॉर्ब्रिजवर बेतलेलं. म्हणून तो पीस विक्रीतून काढलाय, नवा मास्टर टेबलावर आहे, खांद्याच्या पट्ट्या तिसऱ्यांदा करतोय. ज्यांच्याकडे जुना आहे त्यांना नवं धड फुकट पाठवणार, फक्त आम्हाला मेल करा.