चार क्वार्टरचा खंबा होत नाही

आमच्या मिरजेच्या घरात कधी कुणी थेंबभर दारू प्यायलं नाही, पण दारूच्या बाटल्या मात्र घरभर. खंब्यात, म्हणजे दारूच्या पूर्ण बाटलीत, कोकमाचं आगळ, हाफमध्ये फिनेल, आणि न्हाणीघराच्या कोनाड्यात खोबरेल तेलाची क्वार्टर, तीही चपटी. आई त्या रद्दीवाल्याकडून पारखून घ्यायची, चिंच आणि राख लावून घासायची आणि दोन-तीन दिवस उन्हात पालथ्या घालायची. लेबलं निघून जायची, काचेतली उठावाची अक्षरं तेवढी राहायची. एकदा कोकणातून आलेल्या आत्याने आगळ ओतता ओतता ती बोटांनी चाचपली आणि उरलेलं सरबत न पिताच खाली ठेवलं. आई म्हणाली, "अहो वन्सं, बाटलीला कुठे चढते!"

अण्णा, म्हणजे माझे वडील, वजनमापे खात्यात निरीक्षक होते. आता त्या खात्याला वैधमापन म्हणतात. १९६१ साली ते नोकरीला लागले तेव्हा मेट्रिक मापं नुकतीच लागू होत होती. कायदा १९५६चा, अंमल १९५८पासून टप्प्याटप्प्याने. त्यामुळे नोकरीची पहिली काही वर्षं त्यांचं काम एकच, शेर काढून घ्यायचा आणि लिटर द्यायचा. शेर तरी एक होता का? गावागणिक वेगळा. सरकारी हिशेबात ८० तोळ्यांचा, म्हणजे ९३३ ग्रॅम. त्याचा पाव तो पावशेर, आणि पावशेराचा निम्मा तो नवटाक. गवळ्याकडे पितळेचा पावशेर असायचा. तो जप्त करून त्याच्या हातात पाव लिटरचं माप दिलं की तो कळवळायचा, कारण नवं माप थोडं मोठं. दाराशी पातेलं घेऊन उभी असलेली बाई मात्र पाव लिटर घेऊनही "पावशेर घाल" असंच म्हणायची. अण्णांच्या मते हे खात्याचं खरं अपयश. माप बदलता आलं, तोंड नाही.

पावशेर दुधातून कधीच गेला. गेला कुठे, तर दारूत. "पावशेर मारून आलाय" हे आजही सगळ्यांना कळतं. मुंबईत दारूबंदीच्या काळात चोरून मिळणाऱ्या दारूचं माप नवटाक होतं, आणि जुन्या माणसांच्या तोंडी तो शब्द दारूचंच नाव होऊन बसला. म्हणजे सरकारने एकीकडे १९४९च्या कायद्याने दारू बंद केली, दुसरीकडे १९५६च्या कायद्याने नवटाक बंद केला, आणि दोन्ही बेकायदा गोष्टींनी एकमेकींचा हात धरला. अण्णा हे सांगताना हसायचे नाहीत. मला मात्र अजून हसू येतं.

आता क्वार्टरची गोष्ट. साल १९८४, मी अकरा वर्षांची. शाळेत अपूर्णांक चालू होते. क्वार्टर म्हणजे पाव, चार पाव म्हणजे एक, हे मला आईच्या बाटल्यांवर करून बघायचं होतं. नळाखाली बसून चार क्वार्टर काठोकाठ भरून खंब्यात ओतल्या, तर पाणी वरून सांडलं. मी रडवेली झाले. अण्णा सायकल लावत होते. ते म्हणाले, "तायडे, बाटलीवरचा आकडा बाटलीचा नसतो गं, आतल्या मालाचा असतो. बाटली नेहमी थोडी मोठीच. माल उन्हात फुगतो, त्याला जागा नको?"

मग त्यांनी कपाटातून काचेचा उभा मोजपात्राचा नळा काढला. तो आम्हाला हात लावायला बंदी होती. नळा ओट्यावर ठेवला, गुडघ्यावर बसून डोळा रेघेच्या पातळीत आणला आणि मलाही तसंच बसवलं. पाणी नळ्यात मधे खोलगट दिसतं, काठाला वर चढलेलं दिसतं. वाचायचं ते खोलगटाच्या तळाचं. एकशे ऐंशी. ते खंब्यात. पुन्हा एकशे ऐंशी. चार वेळा झाल्यावर पाणी गळ्याच्या खालीच थांबलं. ७२०. खंबा ७५०चा. तीस मिली गायब.

"दोन हाफचा खंबा होतो," अण्णा म्हणाले, "तीनशे पंच्याहत्तर दुणे साडेसातशे. पण चार क्वार्टरचा होत नाही. खरा पाव एकशे साडेसत्त्याऐंशी." त्यांच्या दृष्टीने यात फसवणूक काही नव्हती, १८० बाटलीवर छापलेलं होतं ना! छापलं आहे तेवढं आत आहे का, एवढंच त्यांचं काम. मला मात्र तो अन्याय वाटला होता आणि खरं सांगायचं तर अजून वाटतो. ज्याच्या खिशात खंब्याचे पैसे नाहीत तोच क्वार्टर घेतो, आणि पाव म्हणून त्याच्या हातात पावाहून कमी पडतं. खोक्यातही हाच हिशेब. बारा खंब्यांचं खोकं ९ लिटरचं, अठ्ठेचाळीस क्वार्टरचं ८ लिटर ६४० मिलीचं. १८०चा एक फायदा म्हणजे साठचे तीन मोठे पेग बरोब्बर बसतात, शिल्लक शून्य. नाइंटी म्हणजे त्याचा निम्मा, दीड पेग.

मग ७५० तरी कुठून आले? हे मी पुढे कधीतरी स्वतःच शोधलं. विलायती गॅलन १८२४ साली कायद्याने पक्का केला, दहा पौंड पाणी मावेल एवढा, म्हणजे आपले ४.५४६ लिटर. गॅलनचा पाव तो क्वार्ट. पण दारूच्या बाटलीला क्वार्ट म्हणत ती क्वार्टभर कधी नव्हतीच, ती गॅलनचा सहावा भाग, सुमारे ७५८ मिली. इंग्रजीत तिला चक्क 'रेप्युटेड' क्वार्ट म्हणत, नावापुरती. सहा बाटल्यांचा गॅलन, बारा बाटल्यांचे दोन गॅलन, आणि दोन गॅलन म्हणजे नऊ लिटर आणि वर थोडंसं. ते खोकं अजून तसंच आहे, फक्त वरचं थोडंसं कापलं गेलं. अमेरिकेचा गॅलन लहान, तिथे बाटली गॅलनचा पाचवा भाग असे, तरी माप तेच, ७५७ मिली. तर क्वार्ट म्हणजे गॅलनचा पाव, क्वार्टर म्हणजे बाटलीचा पाव, पावशेर म्हणजे शेराचा पाव, आणि यातला दारूच्या दुकानात मिळणारा एकही पाव खरा पाव नाही.

लेबलावरचा ४२.८ हा आकडाही असाच वारशाने आलेला. कुणी ठरवून इतका तिरपागडा आकडा निवडेल का? दारूच्या कडकपणाच्या जुन्या ब्रिटिश मोजणीत १०० प्रूफ म्हणजे ५७.१ टक्के मद्यार्क. आपल्याकडे ७५ प्रूफची दारू ठरली, म्हणजे पंचवीस अंश खाली, त्याचे टक्के केले की ४२.८. ब्रिटनने प्रूफ १९८०मध्ये सोडलं. आपण आकडा जपला.

अण्णांना परमिट रूममध्येही जावं लागे, पेगची मापं तपासायला. स्टीलची, डमरूसारखी, एका अंगाला तीस, दुसऱ्या अंगाला साठ. कपाळाला गंध लावलेला माणूस भर दुपारी परमिट रूममध्ये शिरतोय हे बघून आमच्या गल्लीत एकदा चर्चाही झाली होती. एका ठिकाणी (नाव कशाला) त्यांना साठचं माप चोपन्नचं सापडलं. खात्याचा ठसा खरा, वर्ष खरं, तिमाहीचं अक्षरही बरोबर. बूड तेवढं खालून हलकेच ठोकून आत घेतलेलं. बोट आत घालून फिरवल्याशिवाय कळलं नसतं. "पिणाऱ्याला कसं कळणार," ते म्हणाले, "तिसऱ्या पेगनंतर तर मलाही सांगता आलं नसतं." अण्णांचा हा एकमेव दारूवरचा विनोद.

पण त्यांचा खरा राग दुधाच्या फेसावर. गवळी हात उंच करून धार धरतो, मापात फेस उभा राहतो, माप भरल्यासारखं दिसतं. अण्णा माप हातात घेऊन काही न बोलता उभे राहायचे. फेस बसायला किती वेळ लागतो हे गवळ्यालाही माहीत असायचं. मग तो स्वतःच वरून घालायचा. आमच्या घरचा रतीब घालणारा तर अण्णा दारात असले की कमरेत वाकून, मापाला चरवी टेकवून ओतायचा.

कटिंग चहाला मात्र त्यांनी कधी नाव ठेवलं नाही. निम्मा म्हणावा तर निम्म्याहून जास्त, आणि प्रत्येक टपरीचा वेगळा. ते माप आमच्या कक्षेत येत नाही, म्हणायचे आणि प्यायचे.

अण्णांना जाऊन आता बारा वर्षं झाली. २०१९मध्ये मी मुलाकडे इंग्लंडात लीड्सला गेले होते, तेव्हा तो एका जुन्या पबमध्ये घेऊन गेला. भिंतीवर पाटी होती, जिन, रम, व्होडका, व्हिस्की इथे २५ मिली किंवा त्याच्या पटीत मिळेल. म्हणजे आपला तीसचा छोटा पेग त्यांच्या सिंगलपेक्षा मोठा! पूर्वी तिथे गिल नावाच्या मापाचा सहावा भाग देत, २४ मिलीच्याही आत. १९९५पासून पंचवीस झाला. मुलाने स्वतःसाठी बिअरचा पाइंट मागवला. आपल्याकडे पाइंट म्हणजे ३३० मिलीची छोटी बाटली, तिथे ५६८ मिलीचा हंडाच समोर आला. मी लेमोनेड घेतलं होतं. त्याचा ग्लास उचलून उजेडाकडे धरला, पाइंटचा शिक्का शोधला. होता, काठाखाली, बारीक. पण वर दोन बोटं फेस.

"आई, प्लीज," मुलगा म्हणाला. "आजोबा होऊ नकोस."

मी काही बोलले नाही. ग्लास काउंटरवर ठेवला आणि समोर उभी राहिले. फेस हळूहळू बसला. काउंटरमागच्या पोराने एकदा ग्लासकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि मुकाट्याने ग्लास पुन्हा तोटीखाली धरला.