चारपैकी दोन

यंदा आईने तिचे टाळ माझ्या हातात दिले. सतरा वर्षं ती आळंदीहून माउलींच्या पालखीबरोबर पायी गेली. पण माझ्या धाकट्या भावाचा अपघात झाला तेव्हापासून त्याची खाट सोडून ती हलत नाही. "मी नसताना त्याने हाक मारली तर?" म्हणाली. तेरा महिन्यांत त्याने एकदाही हाक मारलेली नाही.

सकाळी तो डोळे उघडतो, रात्री मिटतो. जांभई देतो, हात हलवतो. बघणाऱ्याला वाटतं, आता बोलेल. डॉक्टर म्हणतात, एवढं सगळं जाणीव नसतानाही होऊ शकतं. एका डॉक्टरांनी तर त्याच्या उशाशी उभं राहूनच सांगितलं, "यात आता काही उरलेलं नाही." दिवे घाट चढताना ते वाक्य पावलापावलाला वर येत होतं. त्याला ऐकू गेलं असेल तर?

आणि खरं सांगायचं तर, आईला दिसतं ते मला दिसत नाही. ती म्हणते, हरिपाठ म्हटला की तो माझ्याकडे बघतो. मला वाटतं, तो पंख्याकडेही तसाच बघतो. हे घरात बोलायची माझी छाती झाली नाही. सासवड सोडल्यावर आमच्या दिंडीतल्या एका निवृत्त सिस्टरांना सांगितलं, तेव्हा रडूच फुटलं.

त्यांनी पाठीवरून हात फिरवला नाही की "माउली करील सगळं" म्हटलं नाही. विचारलं, "तुम्ही त्याला विचारता कसं?" मग चालता चालता शिकवलं. तो नीट जागा असताना, औषधाची गुंगी नसताना एकच गोष्ट सांगायची, 'हात दाब'. दहा सेकंद थांबायचं. असं चार वेळा. मग तेवढाच वेळ काही न बोलता बसायचं आणि तेव्हाही हात किती वेळा दाबला ते मोजायचं, कारण हात आपोआपही आवळला जातो. सांगितल्यावर चारपैकी तीनदा तरी व्हायला हवं. चेहऱ्यासमोर आरसा धरून हळूहळू बाजूला न्यायचा. बॅटरीच्या उजेडामागे न फिरणारी नजर कधी कधी स्वतःच्या चेहऱ्यामागे फिरते. "आणि हे रोज करायचं, माउली. आज नाही दिसलं ते उद्या दिसतं." परळच्या केईएम रुग्णालयातली नर्स अरुणा शानबाग, हल्ल्यानंतर कधीच शुद्धीवर न आलेली, तिचं नाव त्यांनीच काढलं. १९७३ ते २०१५, बेचाळीस वर्षं तिथल्या नर्सनी तिला सांभाळलं. तिला दयामरण द्यावं म्हणून खटला सर्वोच्च न्यायालयात गेला, २०११ साली निकाल लागला, तेव्हाही त्या तिला जगवायच्या बाजूने उभ्या राहिल्या. हे सांगताना सिस्टरांचा आवाज बसला.

जेजुरीच्या मुक्कामी तंबूतून भावजयीला फोन केला. म्हटलं, एक वही घाल.

२०२४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाबद्दल मी वाचलं होतं. सांगितलेलं काहीच करू न शकणाऱ्या २४१ रुग्णांना 'अमुक करतोय अशी कल्पना कर' असं सांगत एमआरआय, ईईजी किंवा दोन्हींनी त्यांचा मेंदू तपासला. त्यातल्या ६० जणांचा मेंदू सांगितलेलं करत होता. चारात एक. आमच्या गावात अशी तपासणी नाही. त्या रात्री झोप लागली नाही. कधी त्या एकाकडे बघत होते, कधी उरलेल्या तिघांकडे.

लोणंदला समाजआरती झाली. चोपदारांनी दंड वर केला आणि हजारो टाळ एका क्षणात थांबले. एक दिंडी मात्र वाजवत राहिली. तंबू टाकायला त्यांना जागा मिळाली नव्हती. रीतच आहे तशी: ज्याचं गाऱ्हाणं असेल त्याने सगळे गप्प झाले तरी टाळ वाजवत राहायचं. चोपदार जाऊन ऐकून घेतात, मग टाळ थांबतात.

मी आईचे टाळ घट्ट धरून उभी होते. आपला गडी गप्प आहे तो काही सांगायचं नाही म्हणून, की त्याच्या हातात टाळच नाहीत म्हणून?

तेवढ्यात फोन आला. "ताई, आज चारपैकी दोन. न सांगता एकदा."

मागून आईचा आवाज आला, "दोन नाही, तीन! अंगठा हलला होता, हिने धरला नाही."

"अंगठाच हलला हो, दाबलं नाही," भावजय हळूच म्हणाली.

मी म्हटलं, "वहीत दोन्ही लिही. तुझे दोन आणि आईचे तीन."