तुम्ही विचारलंत म्हणून: चित्रकला घ्यावी की वेल्डिंग?

कॅलिफोर्नियात नव्याने आलेली मराठी मंडळी, त्यातही जोडीदाराच्या नोकरीमुळे एच-४ व्हिसावर आलेल्या स्त्रिया, मला एक प्रश्न हमखास विचारतात: ‘जवळच्या कम्युनिटी कॉलेजात नाव घालायचे आहे, आवडीचे म्हणून आर्ट घ्यावे, की नोकरीच्या उपयोगाचे काही?’ फोनवर याचे उत्तर अर्धवट राहते, म्हणून येथे सविस्तर लिहिते.

प्रश्नात एक गोष्ट गृहीत धरलेली असते: कला म्हणजे हौस आणि पोटापाण्याचे ते वेगळे. कम्युनिटी कॉलेजात, म्हणजे सहसा दोन वर्षांपर्यंतचे अभ्यासक्रम चालवणाऱ्या स्थानिक सरकारी कॉलेजात, ही वाटणी फार काळ टिकत नाही. लॉस एंजेलिस ट्रेड-टेक हे कॉलेज १९२५ साली फ्रँक विगिन्स ट्रेड स्कूल या नावाने निव्वळ धंदेशिक्षणासाठी सुरू झाले. तेथे वेल्डिंग आणि पाककलेबरोबर फॅशन डिझाइन शिकवतात, इतकेच काय, दुकानांच्या पाट्या हाताने रंगवण्याचेही रीतसर शिक्षण मिळते. पाटी रंगवणाऱ्याला चित्रकार म्हणायचे की कारागीर, याचा निवाडा ज्याने त्याने करावा. सॅन फ्रान्सिस्कोच्या सिटी कॉलेजकडे दिएगो रिवेराने १९४० साली जत्रेसारख्या भरलेल्या प्रदर्शनात लोकांच्या देखत रंगवलेले प्रचंड भित्तिचित्र आहे. त्याच्या मधोमध जी आकृती आहे ती अर्धी मेक्सिकोतील प्राचीन देवता आणि अर्धी मोटारीच्या कारखान्यातले यंत्र आहे. या कॉलेजांचा स्वभाव समजून घ्यायला मला ते चित्र पुरेसे वाटते.

राज्यात अशी ११६ सरकारी कॉलेजे आहेत. वयाची १८ वर्षे पूर्ण असली की प्रवेश मिळतो. टक्केवारी कोणी विचारत नाही, प्रवेशपरीक्षा नसते. त्यामुळे ‘ड्रॉइंग १’च्या एकाच वर्गात पुढे विद्यापीठातून कलेची पदवी घेऊ पाहणारा मुलगा, ग्राफिक डिझाइनच्या सर्टिफिकेटसाठी तो विषय सक्तीचा असलेली तरुणी आणि निवृत्तीनंतर हात रिकामा नको म्हणून आलेले आजोबा शेजारी शेजारी बसून तीच बाटली आणि तोच कपडा रेखाटत असतात. वर्ग एक, गुण देणारा शिक्षक एक, पण मिळणारी युनिटे, म्हणजे विषय पूर्ण केल्यावर खात्यात जमा होणारे श्रेयांक, तिघांच्या तीन ठिकाणी कामी येतात. म्हणून विषय कोणता यापेक्षा ही युनिटे पुढे कोठे धरली जाणार, हे आधी पाहावे.

यात माझे मत स्पष्ट आहे. ज्यांच्याकडे भारतातील पदवी आहे, त्यांनी साधारण साठ सेमिस्टर-युनिटांच्या, म्हणजे दोन वर्षांच्या, असोसिएट पदवीच्या मागे सहसा लागू नये. २०१० च्या कायद्याने आलेली ट्रान्सफरची, म्हणजे पुढे विद्यापीठात जाण्यासाठीची, असोसिएट पदवी बारावीनंतरच्या मुलांसाठी उत्तम आहे, कारण तिच्यामुळे कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीच्या व्यवस्थेत तिसऱ्या वर्षाला प्रवेशाची हमी मिळते, पण बी.कॉम. झालेल्या बाईने पुन्हा इंग्रजी निबंध आणि अमेरिकेचा इतिहास यांत दोन वर्षे घालवण्यात फारसे हशील नाही. तिला मोजक्या विषयांचे सर्टिफिकेट पुरते. नर्सिंग किंवा डेंटल हायजीन यांसारखे परवान्याचे व्यवसाय मात्र वेगळे. तेथे शरीररचनेपासून पूर्वअटींची रांग असते आणि जागा थोड्या असतात.

शिकवण्याच्या पद्धतीत कला आणि धंदा किती जवळ आहेत, हे वर्गात गेल्याशिवाय कळत नाही. सिरॅमिक्सच्या वर्गात आधी माती मळायला लावतात, आत हवा राहू नये म्हणून. मग चाकावर ती मधोमध स्थिर करण्यातच बरेच दिवस जातात. एकदाचे भांडे उभे राहिले, की शिक्षिका तार घेतात आणि ते वरपासून तळापर्यंत उभे चिरतात. भिंत वर पातळ आणि बुडाशी जाड राहिली आहे, हे बाहेरून दिसत नसते, चिरल्यावर लपत नाही. वेल्डिंगच्या वर्गातही हेच: जोडलेल्या पट्टीचा तुकडा कापून यंत्रात इंग्रजी ‘यू’ अक्षरासारखा वाकवतात, आणि वाकलेल्या बाजूला तीन मिलिमीटरपेक्षा मोठी भेग दिसली, तर नेहमीच्या निकषाप्रमाणे तो नापास होतो. वरून सुबक दिसणाऱ्या कामाची दोन्हीकडे सारखीच गय केली जात नाही. तीन युनिटांच्या अशा विषयाला आठवड्याचे बहुधा सहा तास प्रत्यक्ष स्टुडिओत द्यावे लागतात, हे लहान मूल घरी असणाऱ्यांनी आधीच लक्षात घ्यावे.

खर्चाचे थोडक्यात सांगते. राज्याच्या रहिवाशाला एका युनिटाला ४६ डॉलर, म्हणजे तीन युनिटांच्या विषयाला १३८ डॉलर पडतात. साहित्याचे पैसे आणि कॉलेजचे किरकोळ आकार निराळे. रहिवासी ठरण्यासाठी एक वर्षाहून अधिक काळ येथे वास्तव्य आणि येथेच राहण्याचा इरादा कागदोपत्री दाखवावा लागतो. एच-४ वाल्यांना हा दर्जा मिळू शकतो. तोवर मात्र शुल्क कित्येक पट असते, तेव्हा वर्ष पूर्ण होईपर्यंत थांबावे किंवा नॉन-क्रेडिट वर्ग पाहावेत, ज्यांत युनिटे मिळत नाहीत, पण ज्यांना शिकवणीशुल्कच नसते.

व्हिसाचा मुद्दा याहून महत्त्वाचा. एच-४ वर शिकायला आडकाठी नाही, पण काम करण्याची परवानगी जोडीदाराच्या ग्रीन कार्डाची प्रक्रिया ठरावीक टप्प्यावर पोहोचल्यावरच मागता येते. ती लांब असेल, तर आज घेतलेले व्यावसायिक सर्टिफिकेट तोवर शिळे होण्याची शक्यता असते. अशा वेळी ड्रॉइंग, रंगसंगती, डिझाइनची मूलतत्त्वे यांसारखे विषय घ्यावेत, कारण ते शिळे होत नाहीत आणि पुढे ॲनिमेशनला जा की इंटिरिअरला, पाया तोच असतो.

आणखी एक नियम येथे अनेकांना ठाऊक नसतो. २०१३ पासून उत्तीर्ण झालेला कलाविषय हौसेने पुन्हा घेता येत नाही. एका प्रकारचे, उदाहरणार्थ सिरॅमिक्सचे, वेगवेगळे मिळून जास्तीत जास्त चार वर्ग, मग बस. वर्षानुवर्षे त्याच चाकावर बसणाऱ्या ज्येष्ठांना या नियमाचा मोठा फटका बसला, आणि मला तो आजही अरसिक वाटतो. तुम्ही मात्र चार वर्गांचा हिशेब सुरुवातीलाच मांडा आणि पहिला वर्ग इतर कामांनी भरलेल्या सेमिस्टरमध्ये उरकून टाकू नका.

स्टुडिओत जितकी चाके तितकेच विद्यार्थी, म्हणून हे वर्ग लवकर भरतात. वेटलिस्टवर नाव असेल तरी पहिल्या दिवशी वेळेवर जाऊन बसा. नोंदवलेली काही माणसे उगवतच नाहीत, आणि त्यांची जागा शिक्षक समोर हजर असलेल्याला ॲड कोड, म्हणजे वर्गात नाव नोंदवण्याचा परवानगी-क्रमांक, देऊन भरतात.