एमएक्स-५ चा डावा दिवा : दोष मोटरपेक्षा अर्थिंगचा जास्त

माझदाच्या पहिल्या पिढीच्या एमएक्स-५ चे (१९८९ ते १९९७) बॉनेटमधून वर येणारे आणि परत आत मिटणारे हेडलाइट म्हणजे त्या गाडीचा जीव. थंडी पडली तसा आमचा डावा दिवा कुरकुरायला लागला. बटण दाबलं की उजवा झटक्यात वर, डावा कण्हत येऊन मध्येच अडकायचा. एक बाजू ठणठणीत होती, त्यामुळे बटणावर संशय घ्यायचं कारण नव्हतं. ज्याला त्याला विचारलं त्याचं उत्तर एकच: मोटर गेली, नवी मागवा. या गाडीची मोटर पुण्यात कुठून मिळायची? म्हणून आधी व्होल्ट मोजायचा मल्टिमीटर काढला.

इथे मंडळी, एक गोष्ट कळकळीने सांगतो. कनेक्टर काढून मोजलंत तर जवळपास बॅटरीइतकेच व्होल्ट दिसतात आणि सगळं आलबेल वाटतं. करंट वाहत नसेल तर खराब जोड सापडतच नाही. कनेक्टर जागेवर ठेवा, मागून मीटरची बारीक पिन सरकवा आणि मोटर चालू असताना मोजा. बॅटरीचं निगेटिव्ह आणि मोटरची अर्थिंगची (करंट गाडीच्या पत्र्यातून बॅटरीकडे परत नेणारी) तार यांच्यात मला दीड व्होल्टच्या वर मिळाले, ०.२ च्या आत असायला हवेत. ही तार पत्र्याला जोडणारा बोल्ट सोडवला तर तिच्या रिंगखाली हिरवट गंज. पॉलिश पेपरने पत्रा चकचकीत केला, टर्मिनल नवं लावलं (तपकीर गल्लीत सहज मिळतं), वर थोडं व्हॅसलीन. आकडा ०.१ वर आला आणि दिवा पूर्ण उघडला.

कण्हणं मात्र थोडं उरलं होतं, म्हणून मोटरही खोलली. हात घालण्याआधी रिट्रॅक्टरचा (दिवे वरखाली करणाऱ्या यंत्रणेचा) फ्यूज काढायचाच, त्या सांध्यात बोट सापडलं तर खैर नाही. मोटरवरच्या रबरी टोपीखाली गुंडी असते, ती फिरवून दिवा हाताने वर आणता येतो.

ही मोटर एकाच दिशेने फिरते. क्रँकचा (दिव्याला ढकलणाऱ्या, मोटरवरच्या दांड्याचा) अर्धा फेरा झाला की दिवा वर, उरलेल्या अर्ध्यात खाली. कुठे थांबायचं ते आतली चकती आणि तिच्यावर घासणाऱ्या पट्ट्या ठरवतात. त्या काळ्या पडल्या की दिवा वरखाली होत राहतो, नाहीतर जागचा हलत नाही. माझ्या पट्ट्या बऱ्या होत्या, खोडरबरने उजळल्या. ग्रीस मात्र राळेसारखं कडक झालेलं. आयसोप्रोपिल आणि जुन्या टूथब्रशने सगळं काढलं, पांढरं लिथियम ग्रीस बेताने लावलं. मोटरच्या फिरत्या भागाला करंट देणारे कार्बन (ब्रश) झिजले होते. नाना पेठेत नेमक्या मापाचे मिळाले नाहीत, तेव्हा किंचित मोठे आणले आणि काचेवर पॉलिश पेपर ठेवून घासत घासत मापात बसवले. खाचेत ते अलगद सरकले पाहिजेत, आवळून बसले तर स्प्रिंग त्यांना पुढे ढकलू शकत नाही.

आता दोन्ही दिवे बरोबरीने उघडतात. उजव्याच्या अर्थिंगवर तसंच मोजलं तर ०.४ व्होल्ट आलेत, पावसाळ्याआधी तो बोल्टही सोडवतो.