दुसऱ्यांदा बुडवलं की कर

वेल्समधल्या एका संग्रहालयात मी जुनी घरकामं करून दाखवते. नोव्हेंबरातला एक दिवस वातींचा. काळ धरतो १७२० च्या आसपासचा, घर डोंगराळ भागातल्या साध्या शेतकऱ्याचं. तिथं रोजच्या उजेडाला ब्रुइनची वात, म्हणजे सोलून चरबीतून काढलेली काडी. ब्रुइन म्हणजे पाणथळ कुरणात झुपक्यांनी उगवणारी, लव्हाळ्यासारखी गोल, सरळ काडी.

कापणी जुलै-ऑगस्टमध्येच उरकावी लागते; काडी पूर्ण वाढलेली पण हिरवी हवी. त्या दिवसांत गुरं वर ‘हाव्हॉड’वर, म्हणजे डोंगरावरच्या उन्हाळी बिऱ्हाडी असत. १ मेच्या सुमारास चढायचं, १ नोव्हेंबरच्या सुमारास खाली ‘हेंद्रे’त, मूळ घरी यायचं. (या तारखा त्यांच्या पंचांगातल्या, आजच्यापेक्षा ११ दिवस मागे. ब्रिटनने नवं कॅलेंडर १७५२ मध्ये घेतलं. कार्यक्रम आखताना हे दरवर्षी कुणीतरी विसरतंच.)

कापलेली काडी लगेच पाण्यात टाकायची. सुकली की साल गाभ्याला चिकटते आणि सोलताना तुकडे पडतात. नखानं टोक उकलून साल खाली ओढायची, पण एक अरुंद पट्टी या टोकापासून त्या टोकापर्यंत ठेवायची. तोच वातीचा कणा. सगळी साल काढली तर स्पंजासारखा पांढरा गाभा उचलतानाच मोडतो. जास्त ठेवली तर ज्योत मंद होते आणि काजळी धरते. हे काम म्हाताऱ्या बायका आणि मुलं करत. मग काही रात्री गवतावर दवात, नंतर उन्हात कडकडीत वाळवण.

चरबी मेंढीची किंवा डुकराची. हिवाळ्याच्या तोंडावर जनावर मारून मांस मिठात घालत, तेव्हा ती भरपूर मिळे. भांडं होडीसारखं लांबट, लोखंडी, पाय असलेलं, निखाऱ्यांशेजारी ठेवायचं. चरबी कोमट असेल तर वातीवर गुठळ्या बसतात, धुरावली तर गाभा करपतो. वात आडवी धरून चरबीतून एकदाच सावकाश ओढायची आणि झाडाच्या सालीवर निथळत ठेवायची.

यंदा आमच्यातल्या एका नव्या मुलानं सगळ्या वाती दोनदा ओढल्या. जाडजूड, देखण्या झाल्या. पाहुणेही खूश. मी त्या बाजूला काढायला लावल्या. १७१० पासून मेणबत्तीवर कर होता, चरबीच्या मेणबत्तीवरसुद्धा. सूट होती ती घरच्या वापरासाठी, विकायला न काढलेल्या आणि चरबीतून एकदाच काढलेल्या वातीला. म्हणजे त्याची ती दुसरी बुडी त्या घराला करात घालणारी! पुढचा तासभर पाहुण्यांनी प्रश्न विचारले ते कराबद्दलच. सोलण्याकडे कुणी बघेना.

उरलेल्या वातींतली एक, ४० सेंटिमीटरची, लावली. ती लोखंडी चिमट्यात तिरकी धरतात. चिमट्याच्या एका दांड्याला वजन असतं, त्यामुळे वात घट्ट पकडली जाते. उभी धरली तर उजेड कमी. फार आडवी केली तर भरभर जळते आणि चरबी खाली टपकते. दर चार-पाच मिनिटांनी वात पुढे सरकवावी लागते, नाहीतर ज्योत चिमट्यापाशी येऊन विझते. आमची पंचवीस मिनिटं टिकली. संध्याकाळ काढायची तर सात-आठ लागणार, हिवाळ्याला शेकड्यांनी.

१७३१ पासून पाद्री ग्रिफिथ जोन्स यांच्या गावोगाव फिरत्या शाळा निघाल्या, त्याही मुख्यतः हिवाळ्यात, कारण तेव्हा शेतात हात मोकळे. दिवसभर राबणाऱ्या मोठ्या माणसांना संध्याकाळी वेल्श बायबल वाचायला शिकवत. अशा उजेडात बारीक टाइप वाचून बघा, डोळ्यांत पाणी येतं.

उत्तर वेल्समधल्या बाला गावाकडे शेजारीपाजारी एका घरी जमून लोकरीचे मोजे विणत, म्हणजे चूल आणि वात एकाच घरची जळे. विणकाम बोटांच्या सवयीनं होतं, सुयांकडे पाहावंही लागत नाही. टाका सुटला की मात्र मोजा वातीखाली धरायचा.