मुळाक्षरं पाठ, तरी वाचन का अडतं?

"मुळाक्षरं पाठ आहेत, बाराखडी घडाघडा म्हणतो, मग पुस्तक समोर ठेवलं की गप्प का बसतो?" पहिली-दुसरीच्या मुलांचे आईवडील मला हे सतत विचारतात. बाजारात भेटले तरी हेच, लग्नात भेटले तरी हेच. कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यात, खानापूर तालुक्यातल्या मराठी शाळेत मी पहिलीला शिकवते. आमच्याकडे या प्रश्नाला आणखी एक शेपूट असतं: "त्यात कन्नड आणि इंग्लिश पण आहे की बाई. डोक्यात सगळं मिसळत असेल काय?"

तुम्ही विचारलंत म्हणून एकदा सविस्तर लिहिते.

'घर' हा शब्द मुलापुढे ठेवा आणि तो काय म्हणतो ते नीट ऐका. तो म्हणेल, "घ घराचा, र रथाचा." आता 'घराचा, रथाचा' यातून 'घर' कसं निघणार? अक्षर त्याला ओळखू येतं, ते कशाचं तेही तो सांगतो. पण अक्षर म्हणजे एक आवाज आणि तो शेजारच्या आवाजाला जोडला की शब्द होतो, हे त्याला कोणी करून दाखवलेलं नसतं. त्यामुळे 'मूल मठ्ठ आहे' हा निष्कर्ष साफ चुकीचा आहे. जे शिकवलं ते तो चोख करतोय.

म्हणून माझी सुरुवात पाटीवर होत नाही, कानाने होते. मका, मासा, मामा, कुंदा: यातला वेगळा कोण? कुंदा ही आमच्याकडची मिठाई. बेळगावात राहून ती ज्याला माहीत नाही असं पोर सापडायचं नाही, मुलं लगेच ओरडतात. र-ता-ळं, तीन टाळ्या. का-जू, दोन. मग शब्दांच्या भेंड्या. हे सगळं तोंडीच. शेतात जाता-येता, भाकरी थापता थापता घरी करता येतं आणि त्यासाठी आईला स्वतःला लिहिता-वाचता यायलाच हवं असं मुळीच नाही. शब्दाचे तुकडे कानाला ऐकू आले की मग त्या तुकड्यांना आकार द्यायचा.

आकार देताना क-ख-ग-घ-ङ याच क्रमाने जायची गरज नाही. वर्णमालेचा क्रम सुंदर आहे, तोंडात आवाज कुठे उमटतो त्यावर तो लावलेला आहे: कंठापासून सुरू होऊन ओठांपर्यंत. पण तो भाषा कळणाऱ्यासाठी आहे, वाचायला बसलेल्या सहा वर्षांच्या मुलासाठी नाही. मी म, न, स, र आधी घेते, कारण हे आवाज लांबवता येतात. म्म्म्, स्स्स् असं खेचत पुढच्या आवाजावर अलगद उतरता येतं. क लांबत नाही, पण शब्द व्हायला तो लागतोच. त्यांच्यासोबत ब, आणि काना पहिल्याच आठवड्यात. काना 'नंतर बघू' म्हणून ठेवला की मुलं महिनोन्‌महिने 'कमल नमन कर' छापाची वाक्यं वाचत बसतात. अशी वाक्यं घरात कोण बोलतं?

पुठ्ठ्याचे तीन तुकडे करा. एकावर न, एकावर क, एकावर नुसता काना. न, काना, क: नाक. क, काना, न: कान. गेल्या पावसाळ्यात एक मुलगी हे तुकडे उलटेपालटे करत बसली होती. तिने न, क आणि शेवटी काना लावला, बोट फिरवत पुटपुटली, "न... का... नका!" आणि शेजारणीचा हात धरून तिला तोच शब्द दाखवायला लागली. तीन तुकड्यांत तीन शब्द, आणि तिसरा तिला कुणी सांगितलेला नव्हता. बाराखडी पाठ करून हे होत नाही. ३४ व्यंजनं गुणिले १२ म्हणजे ४०८ रूपं. ती एकेक करून लक्षात ठेवायची म्हटली तर मोठ्या माणसालाही घाम फुटेल. काना काय करतो हे एकदा उमगलं की नवीन अक्षराला काना लावून ते मूल स्वतःच वाचतं.

ही माझी एकटीची युक्ती नव्हे. फलटणला डॉ. मॅक्सिन बर्नसन यांनी १९८४ मध्ये प्रगत शिक्षण संस्था उभी केली. त्यांच्या वाचनपद्धतीत अक्षरं आणि स्वरचिन्हं अशीच थोडी थोडी एकत्र येतात आणि मूल लगेच शब्दांना हात घालतं.

अडणाऱ्या जागा ठरलेल्या आहेत. घ-ध, भ-म, ब-व या जोड्या एकाच आठवड्यात शिकवू नका. पहिली वेलांटी तर मुलांना फसवतेच: 'पि'मध्ये खूण आधी दिसते आणि आवाज नंतर येतो. चमच्यातला च आणि चिमणीतला च वेगळे, आकार मात्र एकच. इथे 'दोन्ही म्हणून बघ, ओळखीचा शब्द कुठला होतो?' एवढं पुरतं.

आता आपल्या भागातलं. काही मुलांच्या घरी आई कन्नड बोलते, गल्लीतही कन्नडच. बोलीतल्या कन्नडमध्ये ख, भ, थ यांतला हकार पुष्कळदा गळतो. असं मूल 'खडू' सांगितलं की 'कडू' लिहितं. त्यावर लाल रेघ ओढून काही साधत नाही, कारण त्याच्या कानाला दोन्ही एकच आहेत. कागदाची अरुंद पट्टी त्याच्या ओठांसमोर धरा. 'क' म्हणताना ती जेमतेम हलते, 'ख' म्हणताना फडफडते. फरक आधी डोळ्यांना दिसतो, मग जिभेला जमतो, मग कानाला कळतो. ही पट्टी माझ्या टेबलाच्या खणात कायम असते.

आणि कन्नड मिसळतं का? मिसळलं तरी घाबरू नका. दोन्हीकडे अ-आ-इ-ई, क-ख-ग-घ तेच. आपली बाराखडी, त्यांची कागुणित. ळ सुद्धा दोन्हींकडे आहे. मराठीत आवाज जोडायला शिकलेल्या मुलाला कन्नडमध्ये फक्त नवे आकार शिकायचे असतात, वाचणं म्हणजे काय हे पुन्हा शिकायचं नसतं. वेगळं आहे तेवढं मात्र मुद्दाम दाखवावं लागतं. तिथले प, व, ष एकमेकांसारखे दिसतात. जोडाक्षरात दुसरं व्यंजन पायाशी बसतं. ऱ्हस्व आणि दीर्घ ए-ओ वेगळे लिहितात: ऱ्हस्व ओ घेतला तर 'कोडु' म्हणजे दे, दीर्घ घेतला तर शिंग. बसची पाटी कन्नडमध्ये असते, आपल्या गावाचं नाव रोज समोर येतं. ते बोट ठेवून वाचायला लावा. खानापूर स्टेशनच्या फलकावर तर एकच नाव तीन लिप्यांत आहे, तिथे पाच मिनिटं थांबलात तर एक धडा होतो.

खरी पंचाईत इंग्लिशची. तिथे अक्षराचं नाव एक आणि आवाज दुसरा. 'सी-ए-टी' कितीही वेळा म्हटलं तरी त्यातून 'कॅट' होत नाही. हे 'घ घराचा'चंच दुखणं आहे. म्हणून नावं राहू द्या बाजूला, आधी क्, ॲ, ट् हे आवाज द्या. स्पेलिंगची पाठांतरं पहिलीच्या मुलाकडून करून घेऊ नयेत असं माझं स्पष्ट मत आहे.

शेवटचं, आणि हे आईवडिलांच्या सहसा लक्षात येत नाही. आमच्याकडे पाऊस धो धो पडतो, मुलांना सर्दी लागून राहते, पुष्कळांचे कान वाहतात. पडद्यामागे पाणी साचलं की काही दिवस ऐकू कमी येतं. मोठ्याने हाक मारली की मूल वळून बघतं, म्हणून कुणाला शंका येत नाही, पण त-थ, स-श यांतला बारीक फरक त्याच्यापर्यंत पोचतच नाही. दसऱ्याच्या सुटीनंतरही दोन अक्षरं जोडता येत नसतील, हाक मारल्यावर ते 'आं?' करत असेल, तर शिकवणी लावण्याआधी त्याला कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे न्या. आणि तपासणीचा निकाल येईपर्यंत त्याला वर्गात पुढच्या बाकावर बसवायला बाईंना सांगा.