तुम्ही विचारलंत म्हणून: कडेच्या गोफाला वादी कुठली घ्यावी?

पाकिटाच्या किंवा वहीच्या चामडी वेष्टनाच्या कडेला दुहेरी फासाचा गोफ घालायला बसणारा जवळजवळ प्रत्येक जण मला एकच प्रश्न विचारतो: ‘कांगारूची वादी (कातड्याची अरुंद, लांब पट्टी) घेऊ की बकरीची?’ एका शब्दाचं उत्तर अपेक्षित असतं. ‘कांगारू’ म्हणून मोकळं होता येतं, पण मग थोड्याच दिवसांत तीच महागडी वादी कोपऱ्यावर तुटून परत समोर येते आणि प्रश्न येतो, ‘आता?’ म्हणून या वेळी नीट सांगायचं ठरवलंय.

कांगारूबद्दल जे बोललं जातं ते खरं आहे, ते मला नाकारायचं नाही. त्या कातड्यातले तंतू बरेचसे पृष्ठभागाला समांतर धावतात. त्यामुळे मांसाकडच्या बाजूने तासून ते अर्ध्या-पाऊण मिलिमीटरवर आणलं तरी दम टिकतो. गाईचं कातडं तेवढं तासलं की आडवेतिडवे विणलेले तंतू मध्येच कापले जातात आणि हातात उरतो तो वरचा पापुद्रा. पातळ आणि तरी मजबूत, हे कडेच्या गोफाला फार मोलाचं. जाड वादीचे फास एकमेकांवर चढतात, कड फुगते आणि पाकीट नीट मिटत नाही.

पण नुसतं जनावर बघून वादी घेऊ नका. रिळावरून दोन मीटर वादी उलगडून ती अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीतून सावकाश ओढा. जाडी कुठे बदलते ते बोटांना लगेच कळतं. जिथे पातळ लागते तिथे ती ताणणार, आणि ताणली की गोफात तेवढाच भाग बारीक दिसणार. मग दाणा, म्हणजे कातड्याची वरची गुळगुळीत बाजू, बाहेर ठेवून घडी घाला. रंगाला भेगा पडल्या तर ती वादी परत ठेवा, कारण गोफात प्रत्येक फासाला अशीच घडी पडते. ओलं पांढरं फडकं घासून रंग सुटतो का बघा. शेवटी ३० सेंटिमीटर मोजून दोन्ही हातांनी ताणा आणि सोडा. ती किती लांबते यापेक्षा सोडल्यावर किती मागे येते ते महत्त्वाचं. रबरासारखी मागे येणारी वादी गोफात ओढून बसवली की नंतर आक्रसते आणि कड वाकडी होते. क्रोमने कमावलेल्या बकरीच्या वादीत हा त्रास जास्त. सारख्या जाडीची बकरीची वादी मी खडबडीत कांगारूच्या वादीपेक्षा केव्हाही आधी घेईन.

किती लागेल? दुहेरी फासाला कडेच्या लांबीच्या सात ते आठ पट. पाकिटाची कड ६० सेंटिमीटर असेल तर साडेसात पटीने साडेचार मीटर, कोपरे आणि जोड धरून पाच. साध्या वेढ्याच्या टाक्याला तीन-साडेतीन पट पुरते. घरी कापायची तर चकतीतून गोल गोल कापा. १० सेंटिमीटर व्यासाच्या चकतीतून ३ मिलिमीटरची वादी काढली आणि मधली ३ सेंटिमीटरची टिकली सोडून दिली, तर सुमारे २ मीटर ३५ सेंटिमीटर मिळते. मधलं सोडायचं, कारण तिथला बाक ताणूनही सरळ होत नाही. पोटाकडचं कातडं घेऊ नका, ते सैल असतं.

आता तुटण्याबद्दल, कारण खरी रडकथा तिथेच असते. तीन बाजू सुरेख झालेल्या असतात. चौथ्या बाजूच्या कोपऱ्यावर, वादी ओवायला कडेलगत पाडलेल्या त्याच चिरेतून तिसऱ्यांदा वादी ओढली जाते आणि सुईपासून दोन बोटांवर ती तुटते. दोष कातड्याला दिला जातो. पण हिशेब करून बघा. दुहेरी फासात वादी प्रत्येक टाक्याला दोनदा घासते, एकदा चिरेतून आणि एकदा आधीच्या टाक्याने कडेवर पडलेल्या फुलीखालून. सव्वा मीटर वादीत साधारण १६ सेंटिमीटर कड होते. चिरांमधलं अंतर ४ मिलिमीटर धरलं तर टाके चाळीस, म्हणजे सुईजवळच्या टोकाला ऐंशी घासे. तीन मीटर घेऊन बसलात तर टाके शंभर आणि घासे दोनशे. कामाला लागून असलेला भाग मात्र एखाद-दुसऱ्या टाक्यातच जिरतो. झिजतं ते सगळं टोक.

‘लांब वादी घ्या, जोड कमी येतात’ असं मीही सांगत असे. त्यात तथ्य नाही असं अजूनही म्हणवत नाही, कारण वाईट जोड तुटक्या वादीइतकाच वाईट दिसतो. तरी आता मी सव्वा मीटरच्या पुढे जायला सांगत नाही. चांगला जोड शिकता येतो. झिजलेलं टोक काही केल्या भरून येत नाही.

जोड असा करा. जुन्या वादीचं टोक दाण्याच्या बाजूने आणि नव्याचं मांसाच्या बाजूने, दीड-दीड सेंटिमीटर उतरतं तासा. दोन्ही मिळून एका वादीइतकीच जाडी व्हायला हवी. दोन्हीकडे रबर सोल्युशन लावा, हाताला चिकटेनासं झालं की नवी वर ठेवून दाबा. नवी वर असली की तिचं दिसणारं तासलेलं टोक मागे तोंड करून राहतं आणि चिरेत अडकत नाही. जोड कोपऱ्यावर येतोय असं दिसलं तर आधीच सरळ बाजूवर उरकून घ्या. आणि तुटलीच, तर तुटलेल्या जागी चिकटवू नका. तीन टाके उसवा. एका टाक्यात सुमारे ३ सेंटिमीटर वादी असते, म्हणजे ९ सेंटिमीटर हाती येतात. त्यातला विसविशीत भाग कापून टाका आणि मग जोडा.

घासे हलके करायचे तर चीर वादीच्या रुंदीइतकीच हवी. चपट्या वादीला गोल भोक पाडलं की ती आत चुरगळते. ओढण्याआधी बोथट टोच्याने चीर जरा मोकळी करा, झटका देऊ नका. वादी कामाला घेण्यापूर्वीच हात-हात लांबीने सावकाश ताणून ठेवा. ताणल्यावर ती अरुंद होते, म्हणून रुंदी ताणल्यानंतर मोजा.

साबण-चरबीचं मिश्रण लावावं का, यावर माझं मत अजून स्थिर नाही. त्याने वादी सरकते छान, घासेही कमी बसतात. पण ती मऊ पडून पुन्हा ताणू लागते, आणि बकरीच्या वादीत तर ते लगेच जाणवतं. लावणारच असाल तर बोटाला लागेल इतकंच, आणि टोकाचे दीड सेंटिमीटर कोरडे सोडा. तिथे चरबी लागली की सोल्युशन धरत नाही.